जेवायला बोलवा, अट घालू नका

बायकोला, आनंदीबाईंना, अमेरिकेत शिकवायचं म्हणून गोपाळराव जोश्यांनी मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार मराठी वाचकाला ऐकून तरी माहीत असतो. त्याला आलेली दोन उत्तरं मात्र शेजारीशेजारी ठेवून फारशी पाहिली जात नाहीत. पहिलं उत्तर रॉयल वाइल्डर यांचं. ते कोल्हापुरात बरीच वर्षं मिशनरी होते, मराठी माणूस त्यांना नवा नव्हता. नवराबायकोने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर मदत करता येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता. हा पत्रव्यवहार त्यांनी आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असताना ते मासिक त्यांच्या हाती पडलं. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढे १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेला पोहोचल्या तेव्हा त्यांना आपल्या घरी नेलं तेही कार्पेंटरबाईंनीच. बाप्तिस्म्याची अट त्यांनी घातली नाही. आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या आणि शेवटपर्यंत हिंदू राहिल्या. पुढच्याच वर्षी त्या वारल्या, तेव्हा त्यांची रक्षा अमेरिकेला पाठवण्यात आली आणि कार्पेंटर घराण्याने ती पुकिप्सीच्या आपल्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवली.

वाइल्डरसाहेब आणि कार्पेंटरबाई, दोघांचा धर्म एक, आणि दोघांसमोरचं पत्रही एकच. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये काम करू पाहणाऱ्या आपल्या तरुण संघांनी, कॉलेजातल्या प्रार्थनागटांनी आणि मंडळ्यांनी मिसेस कार्पेंटर यांचा कित्ता गिरवावा, असं मला ठामपणे वाटतं. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका मतातून निघालेलं आहे. ज्यांना वाइल्डरसाहेबांचा मार्ग बरोबर वाटतो, त्यांना हा लेख फारसा उपयोगी पडणार नाही.

मी पुणे डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०२१-२२ साली देशात सुमारे ४७ हजार परदेशी विद्यार्थी नोंदले गेले. त्यांत नेपाळचे सर्वाधिक, म्हणजे चारातला एक तरी नेपाळी. पुण्यात विद्यापीठ, सिंबायोसिस, औंधचं स्पायसर आणि अनेक खाजगी कॉलेजं मिळून सुदान, टांझानिया, झांबिया, काँगो, येमेन, इराण, अफगाणिस्तान, नेपाळ, भूतान अशा नाना देशांची मुलं असतात. कोंढव्यात किंवा विमाननगरला संध्याकाळी भाजी आणायला गेलं तरी ती दिसतात. दिसतात, पण आपण बोलत नाही. काम सुरू होतं ते बोलण्यापासून, त्यासाठी समिती नेमावी लागत नाही.

पहिली गोष्ट डोक्यातून काढून टाकायची ती ही, की येणारा प्रत्येक जण ‘सुवार्ता न ऐकलेला’ आहे. आफ्रिकेतून आलेल्या मुलांपैकी पुष्कळ जण जन्माने आणि आचाराने ख्रिस्ती असतात, आणि अनेकदा आपल्यापेक्षा पक्के. इथिओपियाच्या राजाने चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या देशातून आलेल्या मुलीला ‘येशूबद्दल ऐकलं आहेस का’ असं विचारणं म्हणजे पंढरपूरच्या माणसाला विठोबाची ओळख करून देणं. तिला हवं असतं ते वेगळंच. जवळ कुठे उपासना होते, ती इंग्रजीत असते का, बस कुठली, आणि तिथे एकटी मुलगी जाऊन बसली तर माणसं टक लावून बघतील का? या चार प्रश्नांची उत्तरं देणारा एक माणूस भेटला, तरी तिचा पहिला महिना सुसह्य होतो.

मग तिचं पंचांगही समजून घ्या. इथिओपिया, एरिट्रियाचे ऑर्थोडॉक्स आणि सुदानमधले कॉप्टिक ख्रिस्ती नाताळ ७ जानेवारीला करतात. आपल्याकडे तोवर चांदण्या उतरलेल्या असतात, करंज्यांचे डबे रिकामे झालेले असतात, आणि ती मुलं त्या दिवशी लेक्चरला बसलेली असतात. २५ डिसेंबरच्या गर्दीत त्यांना बोलावण्यापेक्षा ७ जानेवारीच्या संध्याकाळी चार जणांना घरी बोलावणं जास्त मोलाचं. केनिया, रवांडा, झांबिया, मलावी या देशांत सेव्हंथ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट बरेच आहेत. ते शनिवार पाळतात. तुमची सहल दर वेळी शनिवारी निघत असेल तर ते का येत नाहीत, हे कोडं सोडवत बसावं लागणार नाही. इराणी आणि अफगाण मुलांचं नवं वर्ष, नवरोज, मार्चच्या २० किंवा २१ तारखेला येतं. त्यांत ख्रिस्ती कुणी नसला तरी शुभेच्छा द्यायला काय हरकत आहे?

आता जेवणाचं, कारण या कामात निम्मा वेळ स्वयंपाकघरात जातो आणि तो तसाच जावा. ‘आम्ही तिखट कमीच खातो’ हे पुणेरी वाक्य परदेशी पाहुण्यासमोर उच्चारू नये. आपलं कमी म्हणजे त्याच्या डोळ्यांत पाणी. रस्सा दोन पातेल्यांत करा, एकात लाल तिखट घालूच नका. पूर्व आफ्रिकेतल्या मुलांना उगाली हवी असते: उकळत्या पाण्यात मक्याचं पीठ घालून घट्ट घोटायचं, उकड काढतो तसंच. ती तुम्ही करू नका, त्यांना करू द्या. तुमच्या ओट्याशी उभं राहून त्याने स्वतः पातेल्यात लाकडी चमचा फिरवला, की तो पाहुणा राहत नाही. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचं रोजचं अन्न आहे. काँगोच्या मुलाला खिचडी वाढताना हे सांगून पाहा. गप्पांना विषय शोधावा लागणार नाही.

काय टाळायचं तेही ध्यानात असू द्या. सोरपोतेल हा आपल्यातल्या काहींचा अभिमानाचा पदार्थ. पण मुसलमान, अ‍ॅडव्हेंटिस्ट आणि इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स, तिघांनाही डुकराचं मांस वर्ज्य आहे. मुसलमान विद्यार्थ्याला मटण वाढणार असाल तर ते हलाल आहे का, हे त्याने विचारायच्या आत सांगा. इथिओपियाची ऑर्थोडॉक्स मुलं बुधवारी-शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या ५५ दिवसांच्या मोठ्या उपवासात मांस, दूध, अंडं काहीच घेत नाहीत. भाकरी, आमटी, ठेचा त्यांना चालतो. वरून तूप सोडायचं नाही एवढंच. आपल्या आज्यांना हे लगेच कळतं. समजावून सांगावं लागतं ते तरुण पोरांना, ज्यांना पाहुणा म्हटला की बिर्याणीच सुचते.

पहिल्या महिन्यात मात्र प्रेमापेक्षा कागद मोठे असतात. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना देशात उतरल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन असतो, पण त्यासाठी कॉलेजचं बोनाफाइड आणि राहत्या जागेचा पुरावा लागतो. आणि इथेच घोडं अडतं: घरमालक भाडेकरार करायला टाळाटाळ करतो, किंवा करार स्वतःकडेच ठेवतो. मराठी बोलणारा, चार चौघांत वावरलेला एखादा काका सोबत असला तर हे काम एका दुपारी होतं. विद्यार्थ्याच्या खिशात पैसे असूनही बँकेचं खातं उघडेपर्यंत त्याचं यूपीआय सहसा चालत नाही, रिक्षावाल्याकडे सुटे नसतात, आणि मोबाइलचं सिम मिळायलाही कागद हवेत. विमानतळावर फलक धरून फोटो काढणं सोपं आहे. त्यानंतरच्या पंधरवड्यात बँकेच्या रांगेत सोबत उभं राहणारा माणूस मंडळीत आहे का, ते आधी पाहा. नसेल तर फलक रंगवू नका.

परदेशी विद्यार्थी तुमच्या घरी मुक्कामाला राहणार असेल, मग नात्याने राहो की भाड्याने, तर यजमानाने २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती ऑनलाइन कळवायची असते. ‘आपलाच पोरगा आहे, चार दिवस राहील’ या भोळेपणाचा त्रास शेवटी त्या पोराला होतो.

कायद्याबद्दल आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण उत्साहाच्या भरात आपण पाहुण्यालाच अडचणीत आणतो. व्हिसाच्या नियमांनुसार परदेशी नागरिकाने चर्चमध्ये उपासनेला यायला, प्रवचन ऐकायला मनाई नाही. पण धर्मप्रचार करणं, प्रार्थनास्थळी त्यासाठी भाषणं देणं, पत्रकं वाटणं हे विद्यार्थी व्हिसात बसत नाही. तेव्हा नगर किंवा जालन्याकडच्या गावातल्या सभेला ‘आफ्रिकेचे बंधू साक्ष देतील’ असं पोस्टर छापू नका. त्याला टाळ्या मिळतील, आणि कुणी तक्रार केली तर त्याचा व्हिसा जाईल, शिक्षण अर्धवट राहील. तुम्ही मात्र इथेच असाल. दुसरी गोष्ट अर्पणाची. परदेशी नागरिकाने दिलेली देणगी रुपयांत असली तरी परकीय देणगीच्या कायद्याखाली ती परकीयच मानली जाते. मंडळीच्या खजिनदारांनी याबाबत आपल्या लेखापरीक्षकाचा सल्ला घ्यावा आणि परदेशी मुलांकडून वर्गणी मागायचा मोह टाळावा. शिकणाऱ्या मुलाकडे मागायचं तरी काय!

फोटोंविषयी तर माझं मत कडक आहे. काही देशांत धर्म सोडणं हा गुन्हा आहे, आणि जिथे कायदा नाही तिथे घरचे लोक आहेत. अशा देशातला एखादा मुलगा कुतूहलाने बायबल अभ्यासाला येऊन बसतो. तुम्ही हौसेने सगळ्यांचा फोटो काढता, फेसबुकवर टाकता, खाली नाव आणि देश लिहिता. दुसऱ्या दिवशी तो फोटो त्याच्या गावी पोहोचलेला असतो. परदेशी विद्यार्थ्यांच्या बैठकीत फोटो काढायचाच नाही, असा नियम करा आणि पाळकसाहेबांनाही तो लागू ठेवा. वार्षिक अहवालात चेहरे नसले तर अहवाल कोरडा दिसेल. दिसू द्या.

मग श्रद्धेबद्दल बोलायचंच नाही का? असं मी म्हणत नाही. ख्रिस्ती संघ आहे तर तो ख्रिस्ती आहे हे पहिल्या भेटीतच कळायला हवं. ‘मोफत इंग्रजी संभाषण वर्ग’ म्हणून बोलवायचं आणि तिसऱ्या आठवड्यात अचानक पुस्तिका काढायची, ही फसवणूक आहे. ती सेवेच्या नावाखाली झाली म्हणून कमी वाईट होत नाही. इंग्रजीचा वर्ग असेल तर तो इंग्रजीचाच असू द्या. बायबल अभ्यास असेल तर बोर्डावर तसं लिहा. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप आणि इथिओपियाचा अधिकारी यांची गोष्ट आहे. ती बारकाईने वाचा. तो अधिकारी आधीपासून वाचत होता, फिलिपने आधी प्रश्न विचारला, आणि रथात चढून बसायचं आमंत्रण त्या परदेशी माणसानेच दिलं. आपण अनेकदा धावत्या रथात उडी मारतो. विचारल्यावर मोकळेपणाने सांगा, न विचारता जेवू घाला, आणि त्याच्या धर्माबद्दल त्यालाच विचारा. इंटरनेटवर वाचलेलं त्याला ऐकवू नका.

विश्वासाकडे वळलेला माणूसही आपल्या हातचं बाहुलं होत नाही, हे आपल्याला पंडिता रमाबाईंनी दाखवलं आहे. त्याही एका अर्थी परदेशी विद्यार्थिनीच. १८८३ मध्ये त्या इंग्लंडात वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला, पुढे चेल्टनहॅमला गेल्या, आणि सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून सिद्धान्तांवर इतके वाद घातले की ती पत्रं आज पुस्तकरूपाने वाचायला मिळतात. आपल्या गटात असा वाद घालणारी मुलगी आली तर तिला ‘बंडखोर’ म्हणून बाजूला सारू नका.

पुण्यात परदेशी मुलांना सगळ्यात जास्त काय सलतं ते आपण ऐकू इच्छित नाही. रस्त्यात मागून आलेली ‘काल्या’ ही हाक, सोसायटीच्या चेअरमनने नाकारलेली खोली, बसमध्ये शेजारची रिकामी राहिलेली जागा. आपल्या मंडळीतही हे घडतं, बाकावर. गोऱ्या पाहुण्याला पुढच्या रांगेत नेतात आणि काळ्या विद्यार्थ्याला कुणी विचारत नाही. हे पाळकांनी व्यासपीठावरून नाव घेऊन बोलावं. औरंगाबादचं मूळ शहर, म्हणजे खडकी, वसवणारा मलिक अंबर इथिओपियातून आला होता, एवढं जरी संडेस्कूलच्या मुलांना सांगितलं तरी त्यांच्या मनातला ‘हबशी’ बदलेल. आणि एखाद्या विद्यार्थ्याला घर नाकारलं गेलं, तर त्याच्यासाठी फक्त प्रार्थना करून थांबू नका. त्या घरमालकाला भेटायला जा. मंडळीत ज्यांचे फ्लॅट भाड्याने आहेत, त्यांनी तर याचं उत्तर स्वतःपासून द्यावं.

आजारपण हा दुसरा प्रसंग. सिंबायोसिस ही संस्था कशी सुरू झाली ते पुणेकरांना ठाऊक असेल. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन कॉलेजात वसतिगृहाचे रेक्टर होते. मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला कावीळ झाली होती आणि एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत होती, ते त्यांनी पाहिलं. परदेशी मुलांचे हाल त्यांच्या मनात घर करून राहिले आणि १९७१ मध्ये सिंबायोसिस उभी राहिली. आपल्याला विद्यापीठ काढायचं नाही. पण पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की कुणाचा फोन लागत नाही ते पाहणारा माणूस हवा. इस्पितळात दाखल करताना अनामत रक्कम मागतात, सही करायला नातेवाईक मागतात. विम्याचं कार्ड कुठे आहे ते तापात कुणाला आठवत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याच्या विम्याच्या कागदाची प्रत आणि घरच्यांचा फोन नंबर, त्याच्या परवानगीने, एका जबाबदार माणसाकडे असावा. सगळ्या गटाकडे नसावा. मुलींसोबत इस्पितळात, पोलीस ठाण्यात किंवा घर पाहायला जाताना महिला मंडळातली एखादी मावशी बरोबर हवीच. तरुण ‘भावां’नी एकट्याने ही सेवा करू नये.

उसने पैसे व्यक्तीने देऊ नयेत. लागले तर मंडळीच्या मदतनिधीतून, पाळक आणि खजिनदार अशा दोघांच्या संमतीने, आणि परत येणार नाहीत असं धरून द्यावेत. घरून पैसे न येण्याची कारणं खरी असतात. युद्ध लागतं, चलन कोसळतं, बँका बंद होतात.

आतापर्यंत मी सगळं ‘आपण द्यायचं’ असंच लिहिलं. हा खरं तर या कामातला मोठा दोष आहे. वर्षभर नुसता पाहुणा राहिलेला माणूस दुसऱ्या वर्षी येईनासा होतो. त्याला काम द्या. आफ्रिकेतल्या मुलांना चार सुरांत गाण्याची जी सवय असते ती आपल्या तरुण गायकसंघाला पुष्कळ शिकवून जाईल. गाण्यात भाषण नसतं, तरी बाहेरच्या सभांपासून ते दूरच ठेवा. खुर्च्या लावणं, चहा देणं, नव्याने आलेल्या आपल्या देशबांधवाला बँकेत नेणं, आपल्या मुलांना फ्रेंच शिकवणं, हे सगळं ते करू शकतात. इव्हँजेलिकल विद्यार्थ्यांची संघटना यूईएसआय १९५४ पासून आणि कॅथलिक विद्यार्थ्यांची आयकफ १९२४ पासून देशात विद्यार्थ्यांमध्ये काम करत आहेत. विद्यार्थ्यांचं काम विद्यार्थ्यांनीच चालवावं, वडीलधाऱ्यांनी पाठीशी राहावं, हा अशा चळवळींचा धडा. आणि एक गंमत सांगून ठेवतो: त्याच वाइल्डरसाहेबांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला, आणि आनंदीबाई डॉक्टर झाल्या त्या १८८६ सालीच अमेरिकेत स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंटचा पाया घालणाऱ्यांत तो होता. विद्यार्थ्यांच्या जागतिक चळवळीत कोल्हापूरचं पाणी आहे.

वर्षातला सर्वांत कठीण काळ दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी. वसतिगृहं रिकामी होतात, मेस बंद होते, डबेवाल्या बाई गावाला जातात. तिकीट परवडत नाही म्हणून जी मुलं मागे राहतात त्यांच्यासाठी कार्यक्रम आखू नका, घरं वाटून घ्या. एका घराकडे दोन मुलं, आठवड्यातून दोनदा जेवण. उन्हाळ्यात गावी जाणार असाल तर विचारा, येतोस का म्हणून. श्रीरामपूरच्या वाड्यावर आंबे खात घालवलेले चार दिवस त्याच्या लक्षात राहतील, फक्त निघण्याआधी मुक्कामाची माहिती कोण कळवणार ते ठरवून घ्या.

आणि शेवटचं काम निरोपानंतरचं. निकाल लागतो, व्हिसा संपत येतो, मुलगा मायदेशी जातो. पदवीचं प्रमाणपत्र मात्र दीक्षान्त समारंभानंतर निघतं. ते घ्यायला, त्यावर शासनाचे शिक्के मारून आणायला, परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून कुरिअरने पाठवायला इथे कुणीतरी लागतं. त्याच्याकडून जाण्याआधीच अधिकारपत्रावर सही घ्या, पासपोर्टची प्रत ठेवून घ्या, घरमालकाकडे अडकलेल्या डिपॉझिटचा हिशेब लिहून घ्या. आणि हे काम मंडळीतल्या कुणा निवृत्त कारकुनाकडे सोपवा. कुठल्या खिडकीवर कधी जायचं हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं.